‘डू’ : एका क्रियापदाची कुळकथा

प्रस्तावना

मराठी माध्यमातून इंग्रजी शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाने ‘डिड यू वेंट?’ या वाक्यापायी कधी ना कधी बोलणी खाल्लेली असतात. ‘डिड’ आले की पुढचे क्रियापद मूळ रूपात, हा नियम. ‘ही गोज’चा प्रश्न करताना ‘डज’ आणायचे आणि ‘गोज’चे शेपूट काढून घ्यायचे, हा दुसरा. वाक्यात ‘कॅन’, ‘विल’ किंवा ‘इज’ असेल तर ‘डू’ला बोलवायचे नाही, हा तिसरा. साध्या होकारार्थी वाक्यात ‘डू’ नको, पण ठासून सांगायचे असेल तर चालेल, हा चौथा. मुले हे सगळे घोकतात, पेपरात लिहितात आणि तोंड उघडायची वेळ आली की नेमके चुकतात. एवढे घोकूनही एक शंका मनात राहतेच, आणि ती विचारायची सोय नसते. ‘डू’ म्हणजे करणे ना? मग ‘डू यू नो हिम?’ या वाक्यात कोण काय करते आहे?

कोणी काहीच करत नाही. या वाक्यातल्या ‘डू’ला अर्थ असलाच तर काळ दाखवण्यापुरता आणि हा प्रश्न आहे हे सुचवण्यापुरता. तेच ‘डू’ ‘डू युवर वर्क’मध्ये मात्र भरभक्कम अर्थाचे क्रियापद असते. ‘व्हॉट डू यू डू?’ या चार शब्दांच्या प्रश्नात तर दोन्ही एकत्र येतात: पहिले पोकळ, दुसरे भरीव. इंग्रजीत घडोघडी उच्चारला जाणारा हा शब्द असा दुहेरी कसा झाला, हा या पुस्तकाचा विषय.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. शाळेत शिकवले जाणारे ‘डू’चे नियम कोणी विचार करून, तर्काने बसवलेले नाहीत. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत इंग्रजी वाक्यरचनेत एक मोठी हालचाल चालू होती. ती मधेच थबकली, आणि जिथे थबकली ती जागा आज आपण नियम म्हणून पाठ करतो. प्रश्न आणि नकार ‘डू’च्या ताब्यात गेले, होकारार्थी विधान हातून निसटले. शेक्सपिअरच्या पात्रांना ‘आय नो नॉट’ आणि ‘आय डू नॉट नो’ ही दोन्ही वाक्ये चालत. आज पहिले वाक्य लिहिणाऱ्याला नापास करतात. निकष बदलला तो वापरामुळे, शहाणपणामुळे नव्हे.

‘डू’चे मूळ शोधत मागे जाऊ लागले की मराठी वाचकाला ओळखीचे चेहरे दिसू लागतात. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचा उगम एका समान भाषेत असावा, असा विचार विल्यम जोन्स यांनी 1786 साली कोलकात्यात मांडला. 1816 साली फ्रान्झ बॉप यांनी या भाषांची क्रियापदरूपे एकमेकांशेजारी ठेवून तौलनिक व्याकरणाचा पाया घातला. त्या अभ्यासातून जी मूळ धातूंची यादी उभी राहिली, तीत ‘ठेवणे, स्थापणे’ या अर्थाचा एक धातू आहे. संस्कृतात तो ‘धा’ झाला. मूळचा ‘ध’ संस्कृताने जपला, ग्रीकमध्ये त्याचा ‘थ’ झाला, लॅटिनमध्ये शब्दारंभी ‘फ’ झाला आणि इंग्रजी ज्या जर्मानिक कुळातली आहे त्या कुळात ‘ड’. ‘विधवा’ आणि ‘विडो’, ‘मधु’ आणि ‘मीड’ नावाचे मधाचे मद्य, या जोड्यांत हाच ‘ध’–‘ड’ बदल दिसतो. एका शब्दापुरते साम्य हा योगायोग असू शकतो. तोच बदल शब्दामागून शब्दात दिसू लागला की त्याला नियम म्हणावे लागते.

या ‘धा’ची आपल्याकडची प्रजा मोठी आहे. विधी, विधान, निधी, संधी, समाधान, अवधान, विधाता, संहिता, हे सगळे त्याचेच. ‘हित’सुद्धा त्याचेच. युरोपातली प्रजाही कमी नाही: ग्रीकमधून आलेले ‘थीसिस’ आणि ‘थीम’, लॅटिनमधून आलेले ‘फॅक्ट’, ‘फॅक्टरी’ आणि ‘इफेक्ट’, खास इंग्रजीतले ‘डीड’, ‘डूम’ आणि ‘किंगडम’मधले ‘डम’. ‘श्रद्धा’ आणि ‘क्रेडिट’ ही भावंडे आहेत हे बँकेतल्या मंडळींना सांगून पाहावे. मला स्वतःला सर्वांत लोभस वाटते ती ‘परिधान’ची गोष्ट. अंगावर घालणे या अर्थी इंग्रजीत ‘डॉन’ असे एक क्रियापद आहे. ते मुळात ‘डू ऑन’. उतरवणे या अर्थी ‘डॉफ’, म्हणजे ‘डू ऑफ’. इथे ‘डू’चा जुना अर्थ, ‘ठेवणे’, अजून जिवंत आहे. आपण वस्त्र परिधान करतो तेव्हा त्याच धातूने तेच काम करत असतो.

इथे एक इशारा द्यायला हवा, कारण असली साम्ये डोक्यात चढतात. पाणिनीय धातुपाठात ‘कृ’ हा धातू ‘डुकृञ्’ असा नोंदलेला आहे, अर्थ ‘करणे’. ‘डु’ आणि अर्थ करणे! व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरांना याहून अधिक काय लागते? पण तो ‘डु’ म्हणजे पाणिनीय पद्धतीतली एक खूण आहे. काही विशिष्ट प्रत्यय कोणत्या धातूंना लागतात हे दाखवण्यासाठी ती लावलेली असते आणि प्रत्यक्ष रूपात ती गळून पडते. ‘धा’सुद्धा तिथे ‘डुधाञ्’ असाच आहे. इंग्रजी ‘डू’शी त्या अक्षराचा काडीचाही संबंध नाही. ‘कृ’ आणि ‘क्रिएट’ यांची सांगड घालणारेही पुष्कळ भेटतात, तीही खोटी. व्युत्पत्तिशास्त्रात कानाला जे सारखे लागते ते बहुधा फसवे निघते आणि जे सारखे लागत नाही (‘श्रद्धा’ आणि ‘क्रेडिट’ घ्या) ते खरे निघते.

बॉप यांच्या काळापासून चाललेला एक वाद ‘डिड यू वेंट?’च्या थेट मुळाशी जातो. इंग्रजीतली बहुसंख्य क्रियापदे भूतकाळात शेवटी ‘ड’ किंवा ‘ट’ घेतात: ‘लव्ह’चे ‘लव्ह्ड’, ‘वॉक’चे ‘वॉक्ट’. हा ‘ड’ आला कुठून? जर्मानिक कुळातले सर्वांत जुने सलग लेखन म्हणजे चौथ्या शतकातले गॉथिक बायबल. त्यात ‘वाचवणे’ या क्रियापदाचे एकवचनी भूतकाळी रूप ‘नसिदा’ असे आहे, पण ‘आम्ही वाचवले’ला ‘नसिदेदुम’ म्हणतात. हे लांब शेपूट ‘डिड’च्या जुन्या रूपाशी फार मिळतेजुळते आहे. म्हणजे ‘वाचवणे केले’ अशा जोडणीतला ‘केले’ झिजून प्रत्यय झाला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. सगळ्यांना हे मान्य नाही. तपशिलात अडचणी आहेत आणि पुस्तकात त्या मांडल्या आहेत. पण ही उपपत्ती खरी धरली तर मोठी मौज होते. ‘लव्ह्ड’च्या पोटात एक ‘डिड’ आधीच दडलेले आहे. ‘डिड यू लव्ह्ड?’ म्हणणारा विद्यार्थी तेच क्रियापद दोनदा वापरतो. दोन हजार वर्षांपूर्वी एक ‘डिड’ प्रत्यय होऊन चिकटले आणि पुढे त्याच घरातून दुसरे निघून वाक्याच्या तोंडाशी उभे राहिले. भाषा एकदा केलेले पुन्हा करते, आणि तेही त्याच शब्दाला हाताशी धरून.

जुन्या इंग्रजीत ‘डोन’ हे साधे, कामसू क्रियापद होते: करणे, ठेवणे, आणि आधीच्या क्रियापदाची पुनरावृत्ती टाळण्यासाठी त्याच्या जागी उभे राहणे. हे शेवटचे काम ते आजही करते. ‘तुला चहा आवडतो?’ याला मराठी माणूस ‘आवडतो’ म्हणून उत्तर देतो, इंग्रज ‘आय डू’ म्हणतो. पण प्रश्नासाठी त्या काळात ‘डू’ लागत नसे. क्रियापद उचलून कर्त्याच्या आधी ठेवले की प्रश्न झाला, आणि नकाराचा शब्द जोडला की नकार. जर्मन आणि डच आजही हेच करतात. प्रश्न विचारण्यासाठी कामगार लावायची गरज या कुळात एकट्या इंग्रजीलाच का पडली, हे खरे कोडे आहे.

कोड्याची पहिली खूण तेराव्या शतकात, इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या पद्यात सापडते. तिथे ‘डिड’ आणि त्याला जोडून दुसरे क्रियापद येऊ लागते. याचा उलगडा कसा करायचा, यावर स्वीडनचे आल्वार एलेगोर्ड यांनी 1953 साली सुचवलेला मार्ग मराठी वाचकाला चटकन पटण्यासारखा आहे. त्या काळी ‘डू’चा प्रयोजक वापरही होता: ‘ही डिड बिल्ड अ कासल’ म्हणजे ‘त्याने किल्ला बांधवला’. आता आपले वाक्य पाहा: ‘शिवाजी महाराजांनी रायगड बांधला.’ महाराजांनी दगड रचले असे कोणी समजत नाही. बांधकाम हिरोजी इंदुलकरांनी केले हेही आपल्याला ठाऊक असते. तरी ‘बांधवला’ न म्हणता आपण ‘बांधला’ म्हणतो. राजा, किल्ला आणि बांधणे एका वाक्यात आले की ‘बांधला’ आणि ‘बांधवला’ यांतला फरक पुसला जातो. तसाच ‘डिड बिल्ड’मधल्या ‘डिड’चा ‘करवणे’ हा अर्थ ऐकणाऱ्याला अनावश्यक वाटू लागला आणि ‘डिड बिल्ड’ म्हणजे नुसते ‘बांधला’ असे होऊन बसले. कवींना ते सोयीचेही होते. ‘डिड’ आधी घातले की मुख्य क्रियापद ओळीच्या शेवटी नेता येते, यमक जुळते आणि मात्रा भरतात. आधीच पोकळ होऊ लागलेल्या शब्दाला पद्याने आसरा दिला.

मग पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा शब्द गद्यात शिरला आणि पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत वाक्यरचनेचे चित्र पालटले. एलेगोर्ड यांनी शंभराहून अधिक जुने ग्रंथ हाताने चाळून, वाक्य न् वाक्य मोजून हे चित्र काढले. संगणक नव्हता, कागद, पेन्सिल आणि अफाट चिकाटी होती. त्यांचा आलेख आजही या क्षेत्रातल्या प्रत्येक पुस्तकात छापला जातो. नकारार्थी प्रश्न सर्वांत आधी ‘डू’कडे झुकले, त्यामागून साधे प्रश्न आणि सर्वांत शेवटी नकारार्थी विधाने. ‘नो’, ‘डाउट’, ‘केअर’ अशी थोडी हट्टी क्रियापदे बराच काळ अडून बसली, म्हणून ‘आय नो नॉट’ पुष्कळ टिकले. होकारार्थी विधानांतही ‘डू’ वाढत होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते साधारण दहातल्या एका वाक्यापर्यंत पोचले आणि तिथून घसरले. 1611चे बायबल आणि 1660च्या दशकातली सॅम्युएल पीप्सची रोजनिशी वाचताना ‘डिड’ पावलोपावली भेटतो, पण तोवर त्याचा उतार सुरू झालेला होता.

हा उतार का लागला? अरिया नुर्मी या फिनलंडच्या अभ्यासिकेने त्या काळातली खासगी पत्रे तपासून 1999 साली एक सूचना केली. 1603 साली स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला आणि त्याच्याबरोबर दरबारात स्कॉट मंडळी आली. त्यांच्या बोलीत हा ‘डू’ फारसा नव्हता. दरबार जसे बोलतो तसे शहर बोलू लागते, हे आपल्याला पेशवाईतल्या पुण्यावरून वेगळे सांगायला नको. नुर्मींची ही उपपत्ती सिद्ध झाली आहे असे मी म्हणणार नाही, पण व्याकरणाच्या कोरड्या आलेखात त्यांनी माणसे आणली, याचे मोल मोठे आहे.

अठराव्या शतकात व्याकरणकारांनी उरलेसुरले साफ केले. कवी पोपने 1711 सालीच ओळी भरण्यासाठी ‘डू’ घुसडणाऱ्या कवींची टर उडवली होती, आणि ज्या ओळीत उडवली तीत मुद्दाम एक फालतू ‘डू’ घातला होता. जॉन्सनच्या 1755च्या कोशाने होकारार्थी वाक्यातल्या निष्कारण ‘डू’ला दोषास्पद ठरवले. 1762 साली बिशप रॉबर्ट लाउथ यांचे व्याकरण आले आणि या शालेय परंपरेचे ते मूळपीठ झाले. पुढे हीच परंपरा जहाजातून मुंबईला उतरली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना जी इंग्रजी ‘शुद्ध’ म्हणून मिळाली, ती नुकतीच स्थिरावलेली होती. तिचा रंग पुरता वाळलेलाही नव्हता. मिळाली मात्र ती अनादिसिद्ध असल्यासारखी.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांचे ढोबळ मानाने तीन तांडे आहेत आणि ते एकमेकांची पाण्याची भांडी वापरत नाहीत. पहिला ऐतिहासिक भाषाअभ्यासकांचा: 1884 ते 1928 या काळात भागश: निघालेला ऑक्सफर्डचा कोश, डेन्मार्कचे ओटो येस्पर्सन यांचे सात खंडांचे व्याकरण, हॉलंडचे विसर यांची वाक्यरचनेची महाकाय सूची आणि एलेगोर्ड. यांचा भर पुराव्यावर. आधी उदाहरण दाखवा, मग बोला.

दुसरा तांडा भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांचा. 1957 सालच्या त्यांच्या लहानशा पुस्तकात ‘डू’ला अनपेक्षित महत्त्व मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: इंग्रजी वाक्यात काळाचा प्रत्यय स्वतंत्र घटक असतो आणि त्याला शेजारच्या क्रियापदाला चिकटावे लागते. प्रश्नात प्रत्यय कर्त्याच्या पलीकडे जातो, नकारात मधे ‘नॉट’ येतो. क्रियापद दूर राहते आणि प्रत्यय उघड्यावर पडतो. अशा वेळी त्याचे ओझे उचलायला जो हमाल बोलावतात तो ‘डू’. ‘कॅन’ किंवा ‘इज’ असेल तर ओझे तेच उचलतात, हमाल लागत नाही. शाळेतले चारही नियम या एका कल्पनेतून निघतात. मी ही मांडणी पहिल्यांदा वाचली तेव्हा इतकी वर्षे कोणी हे का सांगितले नाही, असा राग आला होता. ‘डिड यू वेंट?’मध्ये काय बिघडले तेही इथे एका वाक्यात सांगता येते: भूतकाळाचे ओझे एकच आहे आणि ते ‘डिड’ने उचललेले आहे. पुढे 1989 साली अँथनी क्रोख यांनी एलेगोर्डचेच आकडे घेऊन दाखवले की प्रश्न असो वा नकार, ‘डू’ पसरण्याचा वेग सगळीकडे सारखाच होता. फक्त सुरुवात कुठे अधिक, कुठे कमी. म्हणजे वरून वेगवेगळे दिसणारे बदल आत एकाच बदलाची रूपे होती. पहिल्या तांड्याचा पुरावा आणि दुसऱ्याचा विचार एकत्र आले की काय निघू शकते, याचा हा नमुना.

तिसरा तांडा भाषासंपर्कवाल्यांचा. वेल्श आणि कॉर्निश या ब्रिटनच्या जुन्या केल्टिक भाषांत ‘करणे’ या अर्थाचे क्रियापद साहाय्यक म्हणून सर्रास वापरले जाते. इंग्रजीतल्या ‘डू’चा पहिला पुरावा नैर्ऋत्येकडून, म्हणजे कॉर्नवॉलच्या शेजारून येतो. मग हे उसने का नसावे? अमेरिकेचे जॉन मॅक्‌व्होर्टर यांनी 2008 सालच्या पुस्तकात हा पक्ष हिरिरीने मांडला. त्यांची भाषा इतकी खुसखुशीत की वाचणाऱ्याला ते कधी पटले हे कळतही नाही. पण अडचण मोठी आहे. अँग्लो-सॅक्सन ब्रिटनमध्ये पाचव्या शतकात आले आणि हा ‘डू’ लिखाणात दिसतो तेराव्यात. मधली आठशे वर्षे तो सामान्य लोकांच्या तोंडी होता, लेखकांनी लिहिला नाही, असे मानावे लागते. शिवाय जर्मन बोलींतही ‘मी वाचणे करतो’ अशा थाटाची रचना आढळते आणि तिथे केल्ट शेजारी नव्हते. उत्तर इटलीत मोन्नो नावाचे एक गाव आहे. तिथल्या बोलीत प्रश्न विचारताना ‘करणे’ हे क्रियापद आणावे लागते, अगदी इंग्रजीसारखे. तिथे कोणी वेल्श माणसे नेऊन वसवली नव्हती. शेजाऱ्यांच्या सवयीने या रचनेला बळ दिले असेल, जन्म दिला नसेल, असे माझे मत.

या सगळ्यांत बोलींवर मात्र अन्याय झाला आहे. डॉर्सेट आणि सॉमरसेटच्या खेड्यांत होकारार्थी ‘डू’ मेला नाही; नेहमी घडणाऱ्या गोष्टीसाठी तो वापरात राहिला. विल्यम बार्न्स या एकोणिसाव्या शतकातल्या पाद्र्याने त्या बोलीत कविता लिहिल्या आणि तिचे व्याकरणही. आयर्लंडच्या इंग्रजीत ‘डू बी’ म्हणजे ‘असायची रीत आहे’. ज्या वापराला शाळेने चूक ठरवले तो तिथे काळाचा एक बारीक भेद दाखवत होता.

मराठीत ‘डू’सारखे काही आहे का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. प्रश्नासाठी नाही, आपल्याला ‘का’ पुरतो, कधी नुसता स्वर चढवला तरी भागते. पण पोकळ होण्याच्या बाबतीत ‘करणे’ फार मागे नाही. फारसीच्या सहवासात आपण ‘कबूल करणे’, ‘माफ करणे’, ‘हजर करणे’, ‘खर्च करणे’ शिकलो. अर्थ पहिल्या शब्दात, ‘करणे’ फक्त काळ, लिंग आणि वचन सांभाळायला. तीच यंत्रणा आज ‘सेव्ह करणे’, ‘फॉरवर्ड करणे’, ‘मिस करणे’ चालवते. ‘मिस करणे’मध्ये करण्यासारखे काय आहे? काहीच नाही, आणि म्हणूनच ते चालते. त्याही मागे संस्कृतात ‘कथयांचकार’ आहे, म्हणजे ‘कथन केले’. इथे ‘कृ’ परोक्ष भूतकाळासाठी दुसऱ्या धातूच्या मागे उभा राहतो, आणि पाणिनीने त्याला रीतसर सूत्र दिले आहे. तेव्हा पोकळ ‘डू’ पाहून इंग्रजीला हसायचे कारण नाही.

या विषयाची आताच गरज का वाटली? 2000 सालापासून महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. ती शिकवणारे बहुसंख्य शिक्षक स्वतः पाचवीपासून, पाठांतराने शिकलेले. गल्लोगल्ली ‘स्पोकन इंग्लिश’चे वर्ग आहेत आणि त्यांत वाक्ये तोंडपाठ करून घेतली जातात. मोबाइल चुकीखाली लाल रेघ ओढतो, पण कारण सांगत नाही. दुसरीकडे, ज्या पुराव्यासाठी एलेगोर्ड यांनी वर्षे घालवली तो आता संगणकावर शोधता येतो. 1700पूर्वीची हजारो इंग्रजी पुस्तके अक्षरबद्ध झाली आहेत. साधने इतकी हाताशी कधीच नव्हती आणि समजून शिकवण्याची निकड इतकी कधीच नव्हती.

आपल्या कचेऱ्यांतल्या इंग्रजीलाही इतिहास आहे. ‘डू द नीडफुल’ हे वाक्य पाहून परदेशातला सहकारी हसतो. पण ते कोणा भारतीय कारकुनाने घडवलेले नाही. ते ब्रिटिशांच्याच पत्रव्यवहारातले. त्यांनी टाकून दिले, आपण जपले. लग्नातल्या ‘आय डू’चे उलटे आहे. चित्रपटांमुळे तो इंग्रजी लग्नाचा मंत्र वाटतो, पण इंग्लंडच्या चर्चच्या जुन्या विधीत वधूवरांचे उत्तर ‘आय विल’ असे आहे. अशी पुष्कळ उदाहरणे पुस्तकात येतात: ‘हाउ डू यू डू’मधले दुसरे ‘डू’ म्हणजे ‘कसे चालले आहे’, ‘दॅट विल डू’ म्हणजे आपले ‘चालेल’, तुरुंगात काढलेला काळ म्हणजे ‘डूइंग टाइम’. भरीव ‘डू’चे अर्थही स्थिर नाहीत, तेही पसरतात, आकसतात.

हे पुस्तक व्याकरणाचे गाइड नाही. यात रिकाम्या जागा भरा नाहीत. तो कोशही नाही. एका क्रियापदाला धरून भाषा बदलते कशी, हे दाखवायचा प्रयत्न आहे. तज्ज्ञांसाठी लिहिले नाही, तरी तज्ज्ञांना लाज वाटेल असे सोपेपण आणायचे टाळले आहे. जिथे अभ्यासकांत मतभेद आहेत तिथे ते तसेच ठेवले आहेत आणि माझे मत माझे म्हणून सांगितले आहे. या विषयाला एक मर्यादा आहे आणि ती कुठल्याही पुस्तकाला ओलांडता येणार नाही: सोळाव्या शतकातली माणसे कशी बोलत ते आपल्याला ऐकू येत नाही, त्यांनी लिहिलेले तेवढे दिसते. लिहिणारे मूठभर होते, त्यांत स्त्रिया त्याहून कमी. आलेखातल्या प्रत्येक रेषेमागे हे गृहीत धरावे.

इंग्रजी शब्द सगळीकडे देवनागरीत दिले आहेत. रोमन लिपी पाहिली की आपल्या डोळ्यांपुढे स्पेलिंग येते आणि कान बंद होतो. या विषयाला कान उघडा लागतो. ध्वनिबदलांचा भाग जड वाटला तर वाचकांनी तो खुशाल मागे ठेवावा आणि सोळाव्या शतकापासून सुरुवात करावी. धागा तुटणार नाही. शिक्षकांना मात्र विनंती आहे की वर्गात ‘डिड यू वेंट?’ ऐकू आले तर ते पुसण्याआधी फळ्यावर लिहावे आणि भूतकाळ किती वेळा आला ते मुलांना मोजायला सांगावे. आणि कोकणात, विदर्भात, मराठवाड्यात, गोव्यात, बेळगावात ‘डू’चा एखादा वेगळा वापर ज्यांच्या कानावर आला असेल, त्यांनी तो कुठे आणि कोणत्या वाक्यात ऐकला एवढे लिहून प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर पाठवावा. भारतीय इंग्रजीवरचा भाग या पुस्तकात सर्वांत तोकडा राहिला आहे आणि दुसऱ्या आवृत्तीत आधी तोच वाढवायचा आहे.